रबरी टोपीचे कुळ

जुन्या चार-स्ट्रोक मोटारसायकलीचे इंजिन उघडून पुन्हा बांधावयास घेतले म्हणजे कारागिराच्या हाती जे जे अवयव येतात, त्यांपैकी बहुतेकांचे कुळ धातूचे असते, आणि ते शोधीत गेल्यास आपण कुठल्या ना कुठल्या ओतशाळेच्या किंवा लोहारशाळेच्या दारात जाऊन उभे राहतो. व्हॉल्व्हच्या दांडीवर बसविलेली, करंगळीच्या पेराहूनही लहान अशी जी रबरी टोपी गॅरेजात ‘व्हॉल्व्ह सील’ या नावाने ओळखली जाते, तिची गोष्ट मात्र निराळी आहे. तिचे पूर्वज चामडे कमावणाऱ्यांच्या कारखान्यात आणि रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत शोधावे लागतात; आणि तिची गरज भासू लागली तीही इंजिनाच्या एका निःसंशय चांगल्या सुधारणेने जो नवा उपद्रव मागे लावून दिला, त्याचा बंदोबस्त करण्याकरिता.

हा उपद्रव समजण्यासाठी व्हॉल्व्हची जागा ध्यानात घ्यावी लागते. व्हॉल्व्हचे तोंड ज्वलनकक्षात असते, आणि त्याची दांडी सिलिंडर-हेडमध्ये ठोकून बसविलेल्या गाइड नावाच्या नळीतून वर निघून स्प्रिंगेच्या ताब्यात जाते. दांडी आणि गाइड यांच्यामधील फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते. तीही काढून टाकावी तर तापून फुगलेली दांडी अडकून बसते, आणि वाढवावी तर व्हॉल्व्ह डुगडुगू लागतो व आपल्या बैठकीवर सरळ टेकत नाही. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असता हीच दांडी त्या नळीतून मिनिटाला ३००० वेळा खालीवर होते, तेव्हा तिला तेल हवेच. परंतु ते तेल फटीतून सरळ ज्वलनकक्षात उतरू लागले तर जळते, धूर करते आणि व्हॉल्व्हच्या पाठीवर काजळीचे थर चढविते. गाइडच्या माथ्यावर बसलेल्या टोपीचे काम नाक्यावरच्या कारकुनाचे आहे: मार्ग बंद करण्याचा अधिकार तिला नाही, कोणी किती न्यावे एवढेच तिने पाहायचे असते. जो कारागीर तिला बूच समजतो, त्याला तिच्या स्वभावाचा अर्धाच उलगडा झालेला असतो.

आरंभीच्या मोटारसायकलींना अशा टोपीचे प्रयोजनच नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस द दियाँ-बूताँ या फ्रेंच कंपनीच्या लहान इंजिनांत आत घेणारा व्हॉल्व्ह पिस्टनच्या ओढीनेच उघडे आणि हलक्या स्प्रिंगेने मिटे. पुढे तो कॅमच्या हुकमतीखाली आला, तरी कित्येक वर्षे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला उभे असत आणि त्यांच्या दांड्यांपर्यंत तेलाचा मुबलक पुरवठा कधी पोहोचतच नसे. व्हॉल्व्ह डोक्यावर गेल्यानंतरही रॉकर व स्प्रिंगा पुष्कळ काळ उघड्यावरच राहिल्या. स्वाराने निघण्यापूर्वी तेलाच्या कुपीतून चार थेंब सोडावेत, रॉकरच्या टोकांना ग्रीस भरावे, आणि वाटेत धूळ बसेल ती परत आल्यावर पुसावी, अशी वहिवाट होती. शर्यतींकरिता बांधलेल्या मँक्स नॉर्टनच्या केसपिनी आकाराच्या स्प्रिंगा तर युद्धोत्तर काळातही उघड्या वाऱ्यात ठेवलेल्या असत, आणि कॅमच्या पेटीतून पाझरणारे तेल स्वाराच्या विजारीवर उडे. तेलाच्या दुर्भिक्षाच्या या राज्यात दांडीवर तेल अडविणारी टोपी बसविण्याचा विचार कोणाच्या मनात यावा तरी कसा?

सुधारणा आली ती पंपाच्या रूपाने. एकदा वापरलेले तेल रस्त्यावर सांडू देण्याऐवजी टाकीतून इंजिनात आणि इंजिनातून परत टाकीत फिरविण्याची पद्धत रूढ झाली, रॉकरांवर बंद पेट्या चढल्या, आणि हेडमध्ये तेल स्वतःहून पोहोचू लागले. एडवर्ड टर्नरने आखलेली ट्रायंफची ‘स्पीड ट्विन’ १९३७ साली पुढे आली. तिच्या रॉकरांना टाकीकडे परतणाऱ्या तेलाच्या नळीतूनच एक फाटा काढून तेल दिलेले होते. असे परतीचे, दाब नसलेले तेल गाइडांभोवती साचून न राहता खाली निथळून जावे, एवढी काळजी घेतली की त्या पिढीच्या कर्त्यांना सीलवाचूनही भागत असे, आणि त्यांचे भागलेही. परंतु कॅमच हेडवर चढला, त्याला पंपाचे ताजे तेल दाबाने मिळू लागले आणि फेऱ्यांची संख्या वाढत गेली, तेव्हा गाइडच्या तोंडाशी तेलाचा पूर येऊ लागला. आणि फटीच्या दुसऱ्या टोकाला तर एक ओढणारा बसलेलाच होता.

तो ओढणारा म्हणजे निर्वात. थ्रॉटल मिटलेला असता पिस्टन हवा मागतो आणि ती त्याला मिळत नाही. मोटारींच्या कित्येक इंजिनांत अशा वेळी आत येण्याच्या मार्गातील दाब बाहेरच्या हवेहून पाऱ्याच्या अर्ध्या मीटर स्तंभाइतका खाली जातो. मग पिस्टन ती उणीव गाइडच्या फटीतून तेल ओढून भरून काढतो. घाट उतरताना मूठ सोडून दिलेली, इंजिनाच्या रोधावर येणारी मोटारसायकल पायथ्याशी मूठ पिळताच निळ्या धुराचा एक लोट सोडते, त्याचे कारण हेच; रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळच्या पहिल्या किकेला धूर टाकून मग निवळते, ते मात्र त्याच फटीतून आपल्याच भाराने खाली झिरपलेल्या तेलामुळे. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतील तर धूर जोर लावताना आणि सतत येतो. हा भेद ज्याला कळला, त्याचे निष्कारण सिलिंडर बोअर करण्याचे पैसे वाचतात. बाहेर टाकणाऱ्या व्हॉल्व्हच्या बाजूस निर्वात नसून बहुधा दाबच असतो, शिवाय त्याची दांडी अधिक तापते आणि तेलाची तिला अधिक गरज असते; म्हणूनच कित्येक इंजिनांत टोपी आत घेणाऱ्या व्हॉल्व्हलाच दिलेली आढळते.

गरज उत्पन्न झाली. पण टोपी करावी कशाची? चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधकाच्या योगे रबर पक्के करण्याची क्रिया शोधून काढली होती, तेव्हा रबर ही काही नवलाची वस्तू राहिली नव्हती. परंतु झाडाच्या चिकापासून केलेल्या रबराला खनिज तेलाचा स्पर्श सोसत नाही, ते फुगते, मऊ होते आणि आपला आकार सोडते. यामुळे यंत्राच्या फिरत्या दांड्यांवर तेल अडविण्याचे वतन दीर्घकाळ नमदा आणि चामडे यांच्याकडेच राहिले. जर्मनीतील वाइनहाइम येथे १८४९ पासून कातडी कमावणाऱ्या फ्रॉइडेनबेर्ग यांच्या कारखान्याने मंदीच्या तोंडावर, १९२९ साली, चामड्याची ओठदार कडी बाजारात आणली. वाल्टर झिमर या अभियंत्याच्या नावावरून ती ‘झिमररिंग’ म्हणून प्रसिद्ध झाली. पातळ ओठ दांडीवर टेकलेला आणि त्याला मागून आवळून धरणारे बारीक स्प्रिंगेचे कडे, ही जी मांडणी त्या कुळात रुजली, तीच आजच्या व्हॉल्व्ह सीलमध्ये लहान रूपात दिसते. फ्रॉइडेनबेर्गांच्या चर्मशाळेस मी या टोपीचे आजोळ मानतो ते यासाठी.

चामडे मात्र तापले की वाळते आणि वाळले की तडकते. त्याची सद्दी संपविली ती आय. जी. फार्बेन या जर्मन रासायनिक संघातील एरिख कोनराड आणि एडुआर्ड त्शुंकुर यांनी. ब्युटाडीन आणि अॅक्रिलोनायट्राइल यांच्या संयोगातून त्यांनी सिद्ध केलेले, बूना-एन या नावाने ओळखले गेलेले रबर १९३०च्या दशकात उपलब्ध झाले, आणि आज त्यालाच आपण नायट्राइल म्हणतो. तेलात राहूनही ते फुगत नाही, हा त्याचा एकच गुण इतिहास बदलण्यास पुरेसा होता; १९३६ सालापासून फ्रॉइडेनबेर्गांनीही आपल्या कड्यांसाठी कृत्रिम रबर स्वीकारले. पुढे महायुद्धात जपानने आग्नेय आशियातील मळे ताब्यात घेतल्यावर अमेरिकेलाही कृत्रिम रबराचा कारभार अफाट प्रमाणावर उभारावा लागला, आणि युद्ध संपले तेव्हा तेलाला न भिणारे रबर सामान्य कारखानदाराच्या आवाक्यात आलेले होते. युद्धोत्तर मोटारसायकलींच्या व्हॉल्व्हवर जी काळी टोपी दिसू लागली, ती बहुधा याच नायट्राइलची.

नायट्राइलचा शत्रू तेल नसून ताप आहे. शंभर ते एकशेवीस अंशांपर्यंत ते सुखाने नांदते. त्यापलीकडे हवेतील प्राणवायू आणि उष्णता मिळून त्याच्या साखळ्या अधिकाधिक आवळीत नेतात, आणि लवचीक ओठाची हळूहळू कवडी होते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या हेडमध्ये हा प्रकार अटळच म्हटला पाहिजे. १९५७ साली अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीने विमानविद्येच्या गरजेतून ‘व्हायटन’ हे फ्लोरिनयुक्त रबर विक्रीस आणले. ते दोनशे अंशांच्या आसपास टिकते. परंतु ते महाग होते, आणि म्हणून १९६९च्या होंडा सीबी ७५० सारख्या, आज संग्राहकांच्या जिवाचा तुकडा झालेल्या गाड्यांच्या जमान्यात नायट्राइलचाच अंमल चालू राहिला.

आपल्याकडे या टोपीशी सर्वसामान्य मिस्त्रीची गाठ पडली ती बरीच उशिरा. राजदूत, जावा-येझदी, लँब्रेटा, चेतक हे सगळे टू-स्ट्रोकचे कुळ. त्यांना व्हॉल्व्हच नाहीत आणि धूर हा त्यांचा आजार नसून स्वभाव. बुलेटचा अपवाद होता, पण तो अपवादच. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० रस्त्यावर आली, आणि मग चार-स्ट्रोकच्या पाठोपाठ पुण्याच्या नाना पेठेपासून तालुक्याच्या गावापर्यंतच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत व्हॉल्व्ह सीलच्या पुड्या टांगल्या गेल्या.

आता काढण्याच्या कृतीकडे वळू. तीस वा चाळीस वर्षे जागेवर बसलेली टोपी बऱ्या बोलाने निघत नाही. हेड बाकावर घ्यावे, तेल परत जाण्याची भोके चिंध्यांनी बुजवावीत, स्प्रिंग दाबून कॉटरच्या, म्हणजे दांडीच्या खोबणीत बसून स्प्रिंगेला अडवून धरणाऱ्या पाचरीच्या, दोन्ही फाकी लोहचुंबकाने उचलाव्यात आणि ज्या व्हॉल्व्हचे जे सामान ते त्याच्याच डबीत ठेवावे. स्प्रिंग निघाल्यावर व्हॉल्व्ह लगेच खाली ढकलण्याची घाई अनेकांना भोवते; कारण कॉटरच्या खोबणीशी दांडीला धारदार कड उठलेली असते आणि ती तशीच गाइडमधून नेली तर गाइडला आतून ओरखडते. ती आधी तेलदगडाने घासून मोडावी, मगच व्हॉल्व्ह काढावा. टोपी पकडीत धरून प्रथम पिळावी, म्हणजे गाइडला चिकटलेली तिची मिठी सुटते, आणि नंतर सरळ वर ओढावी. स्क्रू-ड्रायव्हर खाली घालून उचकटण्याचा परिपाठ मला सर्वथा त्याज्य वाटतो: अॅल्युमिनियमच्या हेडला त्याने खाच पडते आणि ओतीव लोखंडाच्या गाइडचा माथा टवका उडून जातो, आणि चार आण्यांच्या रबरापायी शंभर रुपयांच्या गाइडची भरपाई करावी लागते. टोपी तुकड्यातुकड्यांनी निघत असेल तर तिला उभी चीर देऊन सोलावी, आणि तिचे बारीक स्प्रिंगेचे कडे हाती लागेपर्यंत काम पुढे नेऊ नये. ते तेलाच्या मार्गात पडले तर कोठे जाऊन बसेल याचा नेम नसतो.

निघालेली टोपी फेकण्यापूर्वी ती पाहावी. ओठ सगळीकडून सारखा कडक झाला असेल तर तो वयाचा आणि तापाचा परिणाम. पण एकाच बाजूने झिजला असेल तर दांडी गाइडमध्ये डुलत होती असे समजावे, आणि अशा गाइडवर नवी टोपी बसविणे म्हणजे तिलाही थोड्याच महिन्यांची मुदत देणे होय.

मूळचेच सामान वापरावे हा जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा आग्रह मला बहुतेक बाबतीत मान्य आहे, येथे नाही. त्या काळच्या पुडीतून न वापरता निघालेले नायट्राइल पुडीतही म्हातारे होतच असते, आणि ज्या कुळाची सारी वाटचाल अधिक ताप सोसणाऱ्या द्रव्याकडे झाली, त्याला १९६९ सालावर अडवून धरण्यात इमानदारी कसली? व्हायटनची टोपी घ्यावी, मात्र रंग पाहून नव्हे; हिरवा वा तपकिरी रंग कोणत्याही रबराला देता येतो. बसविण्यापूर्वी स्प्रिंगेच्या खालचा वॉशर आधी जागेवर आहे याची खात्री करावी, कारण कित्येक हेडांत टोपी बसल्यावर तो आत जात नाही. मग ओठाला तेल लावून, योग्य मापाच्या सॉकेटने ती अंगठ्याच्या दाबाने गाइडच्या खोबणीत बसवावी आणि व्हॉल्व्ह खालून वर घेताना दांडीच्या टोकावर प्लॅस्टिकची नळी चढवावी, म्हणजे कॉटरची खोबण नव्या ओठाला कापणार नाही.