गोड खाल्ल्याने जंत होतात का? आणि जंत आतड्याचं नेमकं काय करतात?

‘गोड खाऊ नकोस, जंत होतील’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. पण जंत साखरेने किंवा गुळाने होत नाहीत. शौचातून मातीत गेलेली त्यांची अंडी न धुतलेल्या हातांवरून, भाज्यांवरून तोंडात जातात. हुकवर्म या जंताच्या अळ्या तर अनवाणी पायांच्या त्वचेतूनही शरीरात शिरतात.

जंत फक्त आपलं अन्न खातात, हाही अर्धवट समज आहे. खरं नुकसान होतं ते आतड्याच्या भिंतीचं.

ही भिंत कशी असते?

आतड्याला आतून पेशींचा एकच थर असतो. पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात आणि त्यांच्यावर म्युकसचा, म्हणजे चिकट द्रवाचा थर असतो. पोषक घटक आत घेणं आणि जिवाणूंना रोखणं ही दोन्ही कामं हीच भिंत करते.

परजीवी तिचं काय करतात?

• हुकवर्म: लहान आतड्याला चावा घेऊन चिकटतो आणि रक्त पितो. जंत जास्त असतील, तर रक्तक्षय होतो.
• व्हिपवर्म: शरीराचा बारीक भाग मोठ्या आतड्याच्या अस्तरात रुतवतो.
• जिआर्डिया: हा एकपेशीय जीव पेशींना चिकटतो आणि त्यांच्यातले जोड सैल होतात. जुलाब होतात, काहींना काही काळ दूधही पचत नाही.
• आमांशाचा अमीबा: म्युकसचा थर तोडून पेशी मारतो. आतड्यात जखमा होतात, शौचातून आव आणि रक्त पडतं.

शरीर काय करतं?

जंत आले की आतडं जास्त म्युकस सोडतं, जोरात आकुंचन पावतं आणि त्यांना बाहेर ढकलायचा प्रयत्न करतं. अस्तराच्या पेशीही काही दिवसांतच नव्याने तयार होतात. पण संसर्ग वारंवार झाला, तर भिंत भरून यायला उसंत मिळत नाही.

मग गोळी पुरेशी आहे का?

भारतात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १ ते १९ वयोगटातल्या मुलांना शाळा आणि अंगणवाड्यांमध्ये अल्बेंडाझोलची गोळी देतात. ती पोटातले जंत मारते, मातीतली अंडी नाही. अमीबावर तर ती उपायच नाही. त्यामुळे गोळीसोबत शौचालय, साबण आणि पायात चप्पल हवीच. शौचातून रक्त पडत असेल, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवावं.