विसाव्या आठवड्याची रेघ

गर्भस्थ बालकाचा मेंदू जन्मापूर्वीं पाहतां येईल, हें जुन्या वैद्यांच्या स्वप्नींही नव्हतें. ग्लासगोच्या इअन डोनाल्ड यांनीं १९५८ मध्यें ध्वनीच्या प्रतिध्वनींतून गर्भाची आकृति उमटविल्याचें प्रसिद्ध केलें. १९७२ मध्यें स्टुअर्ट कॅम्बेल यांनीं कवटीच न घडलेला गर्भ सतराव्या आठवड्यांत ओळखला. आपला गर्भपाताचा कायदा त्याच्या एकच वर्ष आधींचा, १९७१ चा. त्यानें विसाव्या आठवड्यावर रेघ ओढली.

मेंदूची सविस्तर तपासणी होते ती साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यांत. शिरूर-दौंडकडच्या खेड्यांतील स्त्रीनें तालुक्याच्या गांवीं सोनोग्राफी करावी, शंका आल्यास पुण्याच्या तज्ज्ञाकडे जावें, एवढ्यांत ती रेघ मागें पडे. यांत १९७१ च्या कायदेकारांचा दोष नाहीं. परंतु यंत्र सुधारत असतां आंकडा पन्नास वर्षें तसाच राहावा, याचें समर्थन करवत नाहीं.

शिवाय याच यंत्रानें लोक मुलगी हुडकूं लागले! म्हणून १९८८ मध्यें महाराष्ट्रानें, आणि १९९४ मध्यें केंद्रानें, त्यावर निर्बंध घातले. ते अवश्यच होते.

जानेवारी २०१७ मध्यें अशाच कवटीहीन गर्भाचें प्रकरण चोविसाव्या आठवड्यांत सर्वोच्च न्यायालयापुढें आलें. मुंबईच्या केईएम रुग्णालयांतील वैद्यमंडळाचा अभिप्राय घेऊन न्यायालयानें गर्भपातास अनुमति दिली. पुढें २०२१ च्या दुरुस्तीनें, वैद्यमंडळानें गंभीर व्यंग ठरविल्यास, आठवड्यांची मर्यादाच काढली. मंडळानें अभिप्राय तीन दिवसांत द्यावा, असा नियम आहे.