समूहाचा सूर आणि मास्तर कृष्णराव

सुरतेतील जुन्या मराठी घरांत १९०७ सालच्या काँग्रेस अधिवेशनाची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. २७ डिसेंबरला जहाल-मवाळांचा वाद विकोपाला गेला, व्यासपीठाच्या दिशेने मराठी वळणाचा एक जोडा भिरकावला गेला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला आणि गदारोळात अधिवेशन उधळले. जोड्याची ही गोष्ट सर्वांना पाठ असते. परंतु १९०५ च्या वंगभंगापासून जी दोन शब्दांची घोषणा देशभर दुमदुमत होती, ती मुळात एका गीताची सुरुवात होती, याचे स्मरण सहसा होत नाही. ते गीत हजारोंनी एकत्र कसे गावे, हा प्रश्न पुढे चाळीस वर्षे अनुत्तरित राहिला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी एका मराठी गायकाने आयुष्यातील उमेदीची वर्षे वेचली. त्या प्रयत्नाविषयी आज चार शब्द लिहावेसे वाटतात.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका फजितीमुळे. राज्य सरकारच्या सेवेत असताना दक्षिण गुजरातेतील एका तालुक्याच्या ठिकाणी आम्ही प्रजासत्ताक दिनाच्या ध्वजवंदनास हजर होतो. ध्वज वर गेला, फुले उधळली गेली, आणि ऐन वेळी ध्वनिफीत यंत्रात अडकली. आम्ही सारे अधिकारी ताठ उभे. राष्ट्रगीताचे शब्द प्रत्येकाला ठाऊक होते, पण सूर धरायला कोणी पुढे होईना. अखेर शाळेच्या रांगेतील मुलींनी गायला आरंभ केला आणि त्यांच्यामागून आमचे आवाज खालमानेने निघाले. गीत पाठ असणे आणि ते चारचौघांत मिळून गाता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी आम्हांस उमगले.

ज्यांचे राज्य आपल्यावर होते त्या इंग्रजांनी ही दुसरी गोष्ट फार पूर्वी साधली होती. ‘ऑरेटोरिओ’ हा त्यांचा आवडता संगीतप्रकार. त्यात धर्मग्रंथातील वा वीरपुरुषाची कथा असते. पण नाटकासारखा वेष नाही, अभिनय नाही, नेपथ्य नाही. काही एकल गायक, एक मोठा गायकवृंद आणि वाद्यवृंद एवढ्यावर सारा प्रसंग उभा करायचा. आपल्या कीर्तनाच्या उत्तररंगाची येथे आठवण व्हावी. फरक असा की कीर्तनात बुवा मुख्य आणि टाळकरी साथीला. ऑरेटोरिओत पुष्कळदा समूहच नायक असतो.

या प्रकाराला इंग्लंडात प्रतिष्ठा मिळवून दिली ती जन्माने जर्मन असलेल्या हँडेलने. १७२७ मध्ये तो ब्रिटिश प्रजाजन झाला आणि त्याच वर्षी त्याने रचलेले एक स्तोत्र तेथील प्रत्येक राज्याभिषेकात आजतागायत गायिले जाते. त्याची ‘मसीहा’ ही येशूच्या जीवनावरील रचना १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिन शहरात प्रथम सादर झाली. गर्दी इतकी अपेक्षित होती की स्त्रियांनी घेरदार झगे घालून व पुरुषांनी तलवारी लावून येऊ नये, अशी विनंती आधीच करण्यात आली होती. उत्पन्न गेले रुग्णालयांना आणि कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांच्या सुटकेसाठी. १७४६ मध्ये कलोडन येथे स्कॉटिश बंडखोरांचा मोड झाला, तेव्हा त्या विजयाच्या गौरवार्थ हँडेलने ‘ज्यूडास मॅकाबियस’ रचले आणि १७४७ मध्ये ते लंडनला झाले. नायक प्राचीन यहुदी योद्धा, पण श्रोत्यांना त्यात स्वतःचेच राष्ट्र दिसत होते. भक्ती आणि शौर्य एका सुरात गुंफण्याची ही रीत मराठी माणसाला परकी वाटू नये. भवानीचे स्तवन करून पोवाड्याला हात घालणारा आपला गोंधळी वेगळे काय करतो?

मात्र संगीतकार थोर असल्याने एवढ्यावर भागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जॉन कर्वेन या पाद्र्याने सारा ग्लोव्हर या शिक्षिकेच्या पद्धतीवरून स्वरांची अक्षरलिपी प्रचारात आणली. पाच रेघांची अवघड लिपी न शिकताही साध्या अक्षरांवरून गिरणी कामगार, खाणमजूर आणि दुकानातील नोकर सूर वाचू लागले. गावोगाव गायनसंघ निघाले. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८५७ पासून हँडेलचे जे महोत्सव झाले, त्यांत गायकांची संख्या हजारांत मोजली जाई. हे सारे धंदेवाईक गायक नव्हेत. दिवसभर काम करून संध्याकाळी तालमीला येणारी माणसे. तालीम कच्ची राहिली तर काय होते, याचाही धडा तेथेच मिळतो. एल्गारचे ‘ड्रीम ऑफ जेरॉन्शियस’ हे मरणोत्तर आत्म्याच्या प्रवासावरील काव्यसंगीत ३ ऑक्टोबर १९०० रोजी बर्मिंगहॅमला सादर झाले, तेव्हा गायकवृंदाची तयारी अपुरी पडली आणि प्रयोग फसला. आज तीच कृती इंग्रजी समूहसंगीताचे शिखर मानली जाते.

आणखी एक नाव घ्यायला हवे. गुस्ताव्ह होल्स्ट या इंग्रज संगीतकाराने लंडनमध्ये संस्कृतचे धडे घेतले, ऋग्वेदातील सूक्ते स्वतः इंग्रजीत उतरवली आणि १९०८ ते १९१२ या काळात ती गायकवृंदासाठी स्वरबद्ध केली. सावित्रीच्या आख्यानावर त्याने छोटे संगीतनाटकही लिहिले. म्हणजे सुरतेत काँग्रेस दुभंगली त्याच्या पुढच्याच वर्षी एक इंग्रज आपली उषा, वरुण आणि अग्नी यांची सूक्ते इंग्रज समूहाच्या मुखी घालीत होता.

मग आपल्याकडे समूहगान नव्हते काय? होते, आणि भरपूर होते. आळंदीहून निघणारी दिंडी, शाहिरामागे ‘जी जी’ची झील ओढणारे झीलकरी, देवळातील आरती ही सारी समूहगानेच. परंतु आपला समूह एकाच स्वरावलीत गातो. इंग्रजी गायकवृंदात स्त्रियांचे उंच व खालचे, पुरुषांचे उंच व खर्जातले असे चार आवाज चार निरनिराळ्या ओळी एकाच वेळी गातात आणि त्यांच्या मिलाफातून स्वरांचा डोलारा उभा राहतो. आपल्या रागसंगीताचे मर्म उलट एका गळ्यातील मींड, गमक आणि क्षणोक्षणी सुचणारा विस्तार यांत आहे. ते कागदावर पुरते उतरत नाही, आणि जे उतरत नाही ते पाचशे जणांना एकाच क्षणी एकसारखे गाता येत नाही.

ही दरी बुजविण्याचे प्रयत्न आपल्या शेजारीच, बडोद्याला, सुरू झाले होते. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली आणि स्वरलिपीतून शिक्षण दिले. पुढे विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापून संगीत घरंदाज मुलामुलींच्या हाती दिले. काँग्रेसच्या अधिवेशनांतून ‘वंदे मातरम्’ गाण्याचा मानही त्यांचाच. १९२३ मध्ये काकिनाडा येथे अध्यक्षांनी संगीतास हरकत घेतली तरी त्यांनी गीत पूर्ण केले. त्यांचेच शिष्य, बालपण भडोचला गेलेले ओंकारनाथ ठाकूर, यांनी १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी आकाशवाणीवरून हे गीत गायिले. या सर्व गायनांची थोरवी निर्विवाद आहे. पण ते एका थोर गळ्याचे गायन होते. ऐकणाऱ्याने हात जोडावेत असे, बरोबर गावे असे नव्हे.

स्वतंत्र राष्ट्राची गरज निराळी होती. १९४७ मध्ये न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली. जवळ ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका होती, ती ऐकून तेथील वाद्यवृंदाने गीत बसवले आणि ते सर्वांना आवडले. २५ ऑगस्ट १९४८ रोजी पंडित नेहरूंनी संविधान सभेत ही हकीकत सांगितली. राष्ट्रगीत हे प्रथम सूर असते आणि मग शब्द, अशी त्यांची भूमिका होती. ‘वंदे मातरम्’च्या चालीला पुरेशी गती नाही आणि परदेशी वाद्यवृंदांना ती पेलणार नाही, असे त्यांचे मत होते.

हे आव्हान ज्यांनी अंगावर घेतले ते मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर. १८९८ साली आळंदीला जन्म, भास्करबुवा बखल्यांची तालीम, गंधर्व नाटक मंडळीतील कारकीर्द आणि नंतर प्रभात कंपनीचे संगीत दिग्दर्शन, हा त्यांचा प्रवास वाचकांस ठाऊक असेल. १९४१ च्या ‘शेजारी’तील ‘लख लख चंदेरी’ ज्यांनी ऐकले आहे, त्यांना या गायकाच्या मनात समूह कसा नांदत होता हे वेगळे सांगणे नको. मैफलीत हरकतींचा पाऊस पाडणारा हा कलावंत समूहासाठी रचना करताना मात्र हात आखडता घेत असे.

‘वंदे मातरम्’साठी त्यांनी झिंझोटी राग निवडला. या निवडीत फार शहाणपण आहे. झिंझोटी लोकधुनांच्या जवळचा. त्यातील बहुतेक स्वर शुद्ध, निषाद तेवढा कोमल. बँडमधील पितळी वाद्यांचे स्वर ठरलेले असतात, त्यांवर आपली मींड निघत नाही. म्हणून मींडेवर न विसंबणारी, पायऱ्यापायऱ्यांनी चालणारी चाल त्यांनी बांधली. ती सैनिकाच्या पावलात बसावी, शाळकरी मुलाच्या गळ्यातून निघावी आणि तरीही आपल्याच मातीची वाटावी, अशी तिहेरी अट त्यांनी स्वतःला घातली होती. आयुष्यभर रागदारी गाणारे मास्तर मग मुंबईच्या बँडवाल्यांकडे गेले. इंग्रज बँडप्रमुखांच्या साह्याने त्यांनी आपली चाल पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून घेतली आणि बँडवर वाजवून घेतली. दिल्लीला जाऊन नेहरूंना आणि संविधान सभेच्या सदस्यांना प्रात्यक्षिके दिली. वाजवता येत नाही म्हणता ना, हे ऐका, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

निर्णय त्यांच्या बाजूने लागला नाही. २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत म्हणून जाहीर केले आणि ‘वंदे मातरम्’ला समान मान दिला. हा संगीतातील पराभव होता, असे आम्हांस वाटत नाही. गीताच्या उत्तरार्धातील देवीवंदनेस अनेक मुसलमान बांधवांचा आक्षेप होता आणि १९३७ मध्येच काँग्रेस कार्यकारिणीने केवळ पहिली दोन कडवी गाण्याचे ठरवले होते. त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही चालीत नव्हते. शिवाय ‘जन गण मन’ एका अक्षराला साधारण एक स्वर अशा घाटाचे, एकाच ठरलेल्या चालीचे गीत. समूहाच्या दृष्टीने ती निवडही योग्यच होती. तरीही हे गीत समूहाला आणि वाद्यवृंदाला पेलत नाही, हा आक्षेप मास्तरांनी आपल्या परीने खोटा ठरवला, याची नोंद इतिहासात राहायला हवी.

या प्रयत्नाचा एक उत्तरार्धही आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विनंतीवरून मास्तरांनी पाली भाषेतील बुद्धवंदनेस चाल दिली. १९५६ मध्ये नागपूरला लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. या नव्या समाजाला एकत्र म्हणता येईल अशी वंदना हवी होती. राष्ट्रगीताच्या बाबतीत ज्यांचे मानले गेले नाही, त्याच गायकाकडे एका समाजाने आपली प्रार्थना सोपवली. १९७१ मध्ये पद्मभूषण मिळाल्यावर तीन वर्षांनी मास्तर निवर्तले.

आता आपल्या घरची गोष्ट. तापीकाठी स्थिरावून आपल्या घराण्यांना कित्येक पिढ्या लोटल्या. आमची नातवंडे घरात गुजराती बोलतात, शाळेत इंग्रजी. मराठी वाक्य जुळवताना अडखळतात. पण गणेशोत्सवात आरती सुरू झाली की तीच मुले एकही शब्द न चुकता, टाळ्यांच्या ठेक्यावर शेवटपर्यंत म्हणतात. त्यांना ती कोणी शिकवली नाही; समूहाने ती त्यांच्या मुखात ठेवली. एकट्याच्या तोंडून निसटलेली भाषा दहा जणांत मिळून गाताना परत येते, हे आम्ही दरवर्षी पाहतो. इंग्रज गिरणी कामगाराला जे गायनसंघाने दिले तेच येथे आरतीने दिले आहे.

२०२५ मध्ये ‘वंदे मातरम्’ला दीडशे वर्षे झाल्याचे समारंभ देशभर झाले. भाषणे पुष्कळ झाली. आमची सूचना अगदी छोटी आहे. मंडळाच्या पुढील स्नेहसंमेलनासाठी मास्तरांची झिंझोटीतील चाल लहानथोरांनी मिळून बसवावी, ध्वनिफितीवाचून आणि पुरेशा तालमी करून. सूर धरायला कोणी नाही म्हणून खालमानेने उभे राहण्याची पाळी पुन्हा आपल्यावर येऊ नये, एवढेच मागणे.