जुना पीसी आणि त्याहून जुने गेम

मंडळी, "हा कॉम्प्युटर आता भंगारात द्या" हे वाक्य प्रत्येक घरात कधी ना कधी ऐकू येतंच. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट बंद केला, तेव्हापासून तर जरा जास्तच. माझ्याकडचा डबा त्याहूनही जुना, २००९ च्या दिवाळीत घेतलेला. त्यावर साडेतीन हजारांच्या आत खर्च करून मी लहानपणचे टीव्ही गेम पुन्हा चालू केले. कसे, ते पुढे सांगतोच. पण आधी थोडा इतिहास, कारण तो मला खर्चाच्या हिशोबापेक्षा जास्त मजेदार वाटतो.

एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचं हुबेहूब सोंग घ्यायचं, याला म्हणतात एमुलेशन. बहुरूपी पोलिसाचा वेश घालून दारात यायचा आणि घरातली पोरं खरंच घाबरायची, तसंच. गेमच्या प्रोग्रॅमला वाटतं आपण आपल्याच मशीनवर आहोत, आणि खाली असतो भलताच कोणी.

ही युक्ती गेमसाठी निघालेली नाही. १९६४ साली आयबीएमने सिस्टिम/३६० ही नवी मालिका जाहीर केली. तोवर त्यांचं १४०१ हे मॉडेल (१९५९ चं) जगभर पसरलेलं होतं. गिऱ्हाइकांचा प्रश्न साधा होता: आमच्या पगारपत्रकांचे सगळे प्रोग्रॅम नव्या मशीनवर पुन्हा लिहायचे काय? त्याचा खर्च कोण देणार? म्हणून आयबीएमने ३६० च्या लहान मॉडेलमध्येच सोय ठेवली की ते १४०१ सारखं वागू शकेल. 'एमुलेटर' हा शब्दही याच कामातून रूढ झाला. म्हणजे बघा, पहिला एमुलेटर हा हिशोबनीसांचे पैसे वाचवायला आला! आपल्याकडे तर आयबीएम मुंबईत जुनी १४०१ यंत्रं दुरुस्त करून भारतातल्या कंपन्यांना भाड्याने देत असे. १९७८ मध्ये कंपनीने भारत सोडला. जुनं मशीन ठीकठाक करून वापरायची आपली सवय बरीच जुनी आहे, बरं का.

आता गेमकडे येऊ. जुलै १९८३ मध्ये निन्टेन्डोने जपानमध्ये फॅमिकॉम आणला. अमेरिकेत तोच १९८५ मध्ये एनईएस नावाने गेला. त्याचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा आणि कामाची मेमरी २ केबी. हो, दोन किलोबाइट! 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) हा अख्खा गेम ४० केबीत बसलाय. एका फ्लॉपीवर असे छत्तीस मारिओ मावतील.

आमच्या पिढीने मात्र खरा फॅमिकॉम बहुधा पाहिलाच नाही. आपल्याकडे नव्वदीत आल्या त्या त्याच्या नकला. कुणी त्याला टीव्ही गेम म्हणे, कुणी नुसतंच व्हिडिओ गेम. पिवळ्या रंगाची कॅसेट, तिच्यावर '९९९९९९ इन १' असं बिनदिक्कत छापलेलं, आणि आत तेच दहा-बारा गेम उलटसुलट नावांनी. कॅसेट चालली नाही की काढायची, तोंडाने फुंकर मारायची, परत लावायची. पुढे पुढे त्या नकलांमध्ये सगळं सर्किट एकाच चिपवर येऊन काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली गेलं. म्हणजे मारिओ आणि काँट्रा आपल्याकडे आले तेच सोंगाड्यांच्या हातून. याची लाज वाटायचं कारण नाही. रशियात 'डेन्डी' नावाने अशीच नक्कल घरोघर पोचली होती. पण हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पीसीवर हे सोंग जमायला नव्वदीचा उत्तरार्ध उजाडावा लागला. कारण असं: एमुलेटरला जुन्या प्रोसेसरची प्रत्येक सूचना वाचायची, तिचा अर्थ लावायचा आणि मग आपल्या भाषेत ती करून दाखवायची असते. मूळ मशीन जे एका ठोक्यात करतं त्याला इथे अनेक ठोके लागतात. शिवाय चित्र काढणारी चिप आणि आवाजाची चिप, त्यांचंही सोंग एकाच वेळी. दर सेकंदाला साठ चित्रं, म्हणजे एका चित्राला सोळा-सतरा मिलिसेकंद. तेवढ्यात सगळं आटपलं नाही की मारिओ चिखलातून चालल्यासारखा चालतो.

१९९६ मध्ये मरात फैझुलिनचा आयएनईएस आला. आजही या गेमच्या फायलींना जो '.एनईएस' साचा वापरतात तो त्याचाच. मग १९९७ हे वर्ष म्हणजे दिवाळीच! फेब्रुवारीत इटलीच्या निकोला साल्मोरियाने आर्केड मशीनसाठी मेम काढला. एप्रिलमध्ये नेस्टिकल आला, जो डॉसवर चालायचा आणि फारच साध्या पीसीवर गेम पळवायचा. ऑक्टोबरमध्ये सुपर निन्टेन्डोसाठी झेडएसएनईएस. माझ्या आतेभावाने, आमच्या दादाने, कॉलेजातून एका फ्लॉपीवर नेस्टिकल आणि चार गेम आणले होते. कॉम्प्युटर 'अभ्यासासाठी' घेतलेल्या घरात ती फ्लॉपी काय किमतीची होती, हे तुम्हाला सांगायला नको.

नेस्टिकलला एवढा वेग कुठून आला? थोडी लबाडी करून. मूळ मशीनमध्ये प्रोसेसरच्या एका ठोक्यात चित्राची चिप तीन ठिपके पुढे जाते. दोघांना प्रत्येक ठोक्याला एकमेकांशी जुळवत बसलं तर फार वेळ जातो. म्हणून त्या काळचे एमुलेटर प्रोसेसरला बराच पुढे पळू देत आणि मग चित्र जुळवून घेत. शंभरातल्या बहुतेक गेमना फरक पडत नसे. ज्यांना पडे, त्यांच्यासाठी खास ठिगळं लावायची.

या ठिगळांविरुद्ध एक माणूस हट्टाने उभा राहिला. टोपणनाव आधी बायू, नंतर निअर. २००४ मध्ये बीएसएनईएस हा सुपर निन्टेन्डोचा एमुलेटर त्यांनी सुरू केला, आणि नियम एकच: मूळ मशीन वागतं तसंच वागायचं, ठिगळ नाही. 'स्पीडी गोन्झालेस' नावाचा एक गेम आहे. त्यात शेवटाकडे एक बटण दाबलं की दुसऱ्या एमुलेटरांवर गेम गोठून जायचा. कारण तो मेमरीच्या अशा पत्त्यावर वाचायला जायचा जिथे काहीच जोडलेलं नाही, आणि खऱ्या मशीनवर तिथे काय 'वाचलं' जातं हे कुणी नोंदवलंच नव्हतं. 'एअर स्ट्राइक पेट्रोल' मध्ये विमानाची जमिनीवरची सावलीच उमटत नसे, कारण ती पडद्यावरची ओळ रंगवली जात असताना मधेच काढली जाते. आणि ती सावली नुसती शोभेची नाही, नेम धरायला लागते. असल्या एकेका गोष्टीसाठी चिपांची आवरणं ऍसिडने काढून आतलं बघण्यापर्यंत या मंडळींची मजल गेली. २०११ मध्ये निअर यांनी लिहून ठेवलं की साडेतीन मेगाहर्ट्झच्या या कन्सोलचं अचूक सोंग घ्यायला तीन गिगाहर्ट्झच्या आसपासचा प्रोसेसर लागतो. सोंग जेवढं खरं, तेवढं महाग. २०२१ मध्ये निअर गेले. त्यांचं काम लोक आजही वापरतात.

आता माझा डबा. कोअर टू ड्युओ ई७४०० (२.८ गिगाहर्ट्झ), जी३१ चिपसेटचा बोर्ड, १ जीबी रॅम, एक्सपी. तपकीर गल्लीत दोन फेऱ्या मारून काय काय केलं ते क्रमाने सांगतो:

आधी साफसफाई. पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, बोर्डावरचा सेल (सीआर२०३२) बदलला. बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले नाहीत ना, हे बघूनच पुढचा खर्च केला. ते फुगले असतील तर बाकी सगळं व्यर्थ.

रॅम: डीडीआर२ च्या २-२ जीबीच्या दोन पट्ट्या, सेकंडहँड. या बोर्डाची कमाल तेवढीच. फॅमिकॉमच्या वीस लाखपट, म्हणून तक्रार नाही.

एसएसडी: १२० जीबी, नवी. ही मात्र जुनी घेऊ नका. डब्याला खरी तरतरी हिच्यानेच येते. गेमचा वेग हिने वाढत नाही, पण सुरू व्हायला लागणारी तीन मिनिटं अर्ध्या मिनिटावर येतात.

प्रोसेसर: दुकानदार चार कोअरवाला घ्या म्हणत होता. मी ई८४०० घेतला, दोनच कोअर पण ३ गिगाहर्ट्झ. एमुलेटरमध्ये सगळ्या चिपांना एकमेकींची वाट बघत पावलं टाकावी लागतात, त्यामुळे काम चौघांत वाटता येत नाही. एकाच गड्याचा वेग मोलाचा.

ग्राफिक्स: बोर्डावरचं ग्राफिक्स आजच्या एमुलेटरांना पुरत नाही, म्हणून जुनं जीटी २१० कार्ड. आणि विंडोजऐवजी हलकं लिनक्स, त्यावर रेट्रोआर्च. दोन्ही फुकट.

निकाल? फॅमिकॉम, सेगा, सुपर निन्टेन्डो मस्त. पहिलं प्लेस्टेशन बिनतक्रार. दुसरं प्लेस्टेशन विसरा. बीएसएनईएस चालतो, पण अवघड जागी पंखा असा ओरडतो की निअर यांची आठवण व्हावी!

एक गोष्ट मात्र या डब्यालाच काय, कुठल्याही डब्याला जमत नाही. 'डक हंट' ची ती बंदूक. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेळेवर हे बेतलेलं आहे. सपाट पडद्यावर तो उजेड उशिरा पोचतो, आणि बदक हसत उडून जातं. माऊसने मारता येतं म्हणा, पण ते काही खरं नव्हे.

आता कायद्याचा प्रश्न कुणीतरी विचारणारच. सोनीने १९९९ मध्ये कनेक्टिक्स आणि ब्लीम या दोन प्लेस्टेशन एमुलेटर कंपन्यांवर दावे लावले. अमेरिकेतल्या अपील कोर्टाने २००० मध्ये कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला. ब्लीमही कोर्टात टिकली, पण वकिलांच्या खर्चाने २००१ मध्ये बंद पडली. थोडक्यात, एमुलेटर लिहिणं वेगळं आणि गेमच्या नकला वाटणं वेगळं. दुसऱ्याला मालकाची परवानगी लागते. २०२४ मध्ये युझू एमुलेटरच्या कर्त्यांनी निन्टेन्डोला २४ लाख डॉलर देऊन तडजोड केली, तीही विसरू नये.

पण दुसरी बाजूही आहे. २०१६ मध्ये निन्टेन्डोने स्वतः छोटा एनईएस क्लासिक विकायला काढला. आत काय? लिनक्स आणि एमुलेटर! आणि २०२३ मधल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या अभ्यासाप्रमाणे अमेरिकेत आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. जे विकतच मिळत नाही ते जपणार कोण? आतापर्यंत तरी ते जपलं फावल्या वेळात काम करणाऱ्या हौशी पोरांनी, जुन्या मशीनवर.

आपल्याकडची गोष्ट तर अजून नाजूक. जपानी-अमेरिकी गेमची यादी तरी कुणीतरी केलीय. आपल्या त्या पिवळ्या कॅसेटींमध्ये नेमकं काय होतं, कुठल्या नावाने कुठला गेम होता, कुणी काय बदललं होतं, याच्या नोंदी फार थोड्या. नकलेची नोंद कोण ठेवतो? पण आपलं लहानपण त्या नकलेतच गेलं. मूळ मारिओ जपून आपलं भागत नाही.

तेव्हा ब्लॉगर दोस्तांनो, तुमच्याकडे अशी कॅसेट असेल तर निदान तिचा फोटो आणि आतली यादी लिहून टाका. आणि नातेवाईक मंडळी, खास तुमच्यासाठी: माळ्यावरचा डबा भंगारवाल्याला देण्याआधी एक फोन करा. काका, तुम्हाला तर दोनदा!