जुन्या मोटारींचे पत्राकाम

मोटारीच्या बॉडीचा चेपलेला, वाकलेला किंवा गंजलेला पत्रा शक्यतो न बदलता मूळ आकारात आणण्याचे हस्तकौशल्य. गॅरेजात या कामाला डेंटिंग आणि कारागिराला डेंटर म्हणतात. नव्या गाडीचे मडगार्ड चेपले तर कंपनीचा नवा भाग लावून मोकळे होता येते. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीला ती सोय क्वचितच असते. अंगावरचा पत्रा वाचवणे हाच तिथे मुख्य उद्योग.

महाराष्ट्रात असे काम मुख्यतः तीन गाड्यांवर चालते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट ११००, म्हणजेच पुढची पद्मिनी. हिंदुस्थान मोटर्सची अँबेसेडर. आणि महिंद्राची जीप. फियाट आणि अँबेसेडर यांना वेगळी चॅसी नाही, बॉडीच भार वाहते. त्यामुळे दाराखालचा पोकळ पट्टा गंजला तर नुकसान दिसण्यापुरते राहत नाही. गाडी मधून खचते आणि दारे नीट लागेनाशी होतात. जीपची बॉडी मात्र चॅसीवर बोल्टांनी बसवलेली आणि पत्रे सपाट. सपाट म्हणून सोपे, असे वाटते. प्रत्यक्षात सपाट पत्राच अधिक छळतो, कारण गोलाईमुळे येणारा ताठपणा त्याच्यात नसतो.

त्या काळच्या बॉडीचा पत्रा कमी कार्बनच्या मऊ पोलादाचा, साधारण २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिमी जाडीचा. ठोकर बसते तेव्हा सगळा खड्डा सारखाच बिघडत नाही. कडेला जिथे मोड पडते तिथलाच पत्रा कायमचा वाकतो आणि वाकताना कडक होतो. मधला बराचसा भाग त्या मोडीने नुसता अडकवून धरलेला असतो. म्हणून जाणता डेंटर खड्ड्याच्या मध्यावर आतून घण घालत नाही. ठोकर कोणत्या दिशेने आली ते तो आधी पाहतो आणि सर्वांत शेवटी पडलेली मोड सर्वांत आधी सोडवतो. मोड सुटली की मधला भाग पुष्कळदा आपोआप वर येतो. मध्यावरच्या घणाने मात्र पत्रा ताणला जातो, आणि ताणलेल्या पत्र्याला मग जागा पुरत नाही.

हत्यारे थोडी: निरनिराळ्या तोंडांच्या हातोड्या, मागून धरायची पोलादी डॉली, वाकड्या सळया आणि कानस. हातोडीचा घाव थेट डॉलीवर पडला तर मधला पत्रा पातळ होऊन पसरतो. डॉली खोलगट जागेमागे दाबून धरून घाव शेजारच्या उंचवट्यावर घातला, तर उंचवटा बसतो, खोलगट जागा उठते आणि पत्रा फारसा ताणला जात नाही. शेवटी सुती कापड मधे धरून पंजा सपाट फिरवतात. डोळ्याला न दिसणारा चढउतार हाताला कळतो. मग कानस हलकी फिरवायची. उंच जागा चमकतात, खोल जागा काळ्या राहतात.

ताणलेला पत्रा बोटाने दाबला की टक्‌ करून आत जातो आणि सोडला की टक्‌ करून बाहेर येतो. त्याला आखडवावे लागते. गॅसच्या बारीक ज्योतीने नाण्याएवढा ठिपका लाल होईपर्यंत तापवतात. तापलेला भाग फुगू पाहतो, पण भोवतालचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून तो जाडीत वाढतो. वर हलके घाव घालून ओले फडके लावले की निवताना आखडतो. इथे घाई केली तर पत्रा गरजेपेक्षा जास्त आवळतो. गॅस पेटवण्याआधी बॅटरी सोडणे आणि पेट्रोलची टाकी उतरवणे यात तडजोड चालत नाही.

भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथल्या कामाचे शास्त्र याहून फार वेगळे नाही. पितळही ठोकता ठोकता कडक होते आणि तापवून पुन्हा मऊ करावे लागते. भांडे मात्र सगळे भट्टीत घालता येते. मोटारीचा दरवाजा तसा तापवला तर वेडावाकडा होईल. जेमतेम हवी तेवढीच जागा तापवायची, हे डेंटरचे बंधन.

वैनगंगेच्या खोऱ्यात, गोसीखुर्द-पवनीकडच्या धानपट्ट्यात, पत्रा गंजवणारी समुद्राची खारी हवा नाही. तरी पावसाळे भरपूर आणि चिखल चिकट. चाकावरच्या कमानीत आणि दाराच्या तळाशी बसलेला गाळ ओल धरून ठेवतो, पाणी निघून जायची भोके बुजतात आणि पत्रा आतून कुजतो. तणसाच्या ढिगाला टेकून उभी ठेवलेली गाडी अशीच खालून जाते. कुजलेल्या पत्र्याला ठोकून उपयोग नसतो. निरोगी धातू लागेपर्यंत तो कापून तेवढ्याच आकाराचे ठिगळ कडेला कड लावून जोडतात. सलग झाळले तर पत्रा उष्णतेने लहरतो, म्हणून एक टाका इकडे, एक दूर तिकडे, मधे निवू द्यायचे.

उरलेली बारीक खोली भरायला पूर्वी शिसे वापरत. ३० टक्के कथील आणि ७० टक्के शिसे यांचा मिश्रधातू १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो आणि सुमारे २५५ अंशांपर्यंत लोण्यासारखा राहतो. तेवढ्या वेळात लाकडी पट्टीने तो पसरतात. शिशाची धूळ विषारी असल्याने त्यावर यंत्र न चालवता कानसच फिरवतात. आता सर्वत्र लांबी, म्हणजे पॉलिएस्टरची पुटी, वापरली जाते. पातळ थराला ती उत्तम. बोटभर जाडीची लांबी हे मात्र पत्राकाम नव्हेच: ती ओल शोषते, तडकते आणि खालचा गंज वर्षभर झाकून ठेवते.

२०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी सुरू झाली. साहजिकच मूळ पत्र्याची किंमत वाढली. अशी गाडी घेताना मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेवर, चाकाच्या कमानीभोवती आणि दाराखालच्या पट्ट्यावर फिरवावे. जिथे ते धरत नाही, तिथे लांबीचा जाड थर आहे असे समजावे. अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीला ही परीक्षा लागू नाही.