चार्ल्सटन : भाताच्या पैशावर उभे राहिलेले पर्यटननगर

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात, ॲशली आणि कूपर या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या भूशिरावर चार्ल्सटन वसले आहे. शनिवार-रविवार गाठून येणारी जोडपी, मधुचंद्राला आलेले नवविवाहित आणि लग्नाचा वाढदिवस साजरा करणारे नवरा-बायको यांच्या आवडत्या शहरांत त्याची गणना होते. दिवसा जुनी घरे, बागा आणि किल्ला पाहायचा, संध्याकाळी नावाजलेल्या उपाहारगृहात कोलंबी-खेकड्यांचे जेवण घ्यायचे, असा तिथला ठरलेला कार्यक्रम असतो. पाहण्याजोग्या वास्तू आणि खाण्याजोगे पदार्थ या दोन्हींचा उगम एकच आहे : अठराव्या शतकातील भातशेती आणि ती करणारे आफ्रिकी गुलाम.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६६३ मध्ये कॅरोलायनाचा प्रदेश आठ सरदारांना सनदेने दिला. १६७० मध्ये पहिली वसाहत ॲशली नदीच्या पश्चिम तीरावर झाली आणि राजाच्या नावावरून तिला चार्ल्स टाउन म्हणू लागले. दहा वर्षांनी ती आजच्या जागी हलवण्यात आली. सुरुवातीच्या वसाहतवाल्यांत बार्बाडोस बेटावरून आलेले बरेच मळेवाले होते. गुलामांच्या श्रमावर चालणारी मळ्यांची पद्धत त्यांनी सोबतच आणली. १७८३ मध्ये नगरपालिका स्थापन झाली, तेव्हा चार्ल्सटन हे नाव रूढ झाले.

सतराव्या शतकाच्या अखेरीस इथे भाताची लागवड सुरू झाली आणि वसाहतीचे नशीब पालटले. भाताचे ज्ञान इंग्रज मळेवाल्यांकडे नव्हते, पण सेनेगांबिया आणि सिएरा लिओनच्या किनाऱ्यावरील लोक पिढ्यान् पिढ्या भात पिकवत होते. त्या भागातून धरून आणलेल्या माणसांना चार्ल्सटनच्या बाजारात मागणी असे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून नदीकाठच्या दलदली तोडून भरतीच्या पाण्यावरची शेती उभी राहिली. कोकणात खाजणाच्या बांधाने खारे पाणी बाहेर अडवतात. इथे समुद्रापासून बरेच आत, भरतीमुळे नदीचे गोडे पाणी जिथे फुगून वर चढते तिथे बांध घालून तेच पाणी लाकडी दारांनी शेतात घेत आणि ओहोटीला सोडून देत. मैलोन् मैल लांबीचे हे बांध गुलामांनी हातांनी रचले. पीक आल्यावर बायका लाकडी उखळ-मुसळाने भात कांडत आणि गवताच्या गोल, पसरट टोपल्यांनी पाखडत. दिवसाचे काम नेमून दिलेले असे. ते संपल्यावर उरलेल्या वेळात गुलाम आपल्या परसात भेंडी, चवळी, तीळ पिकवत आणि खाडीत मासे धरत.

१७०८ च्या सुमारास वसाहतीत कृष्णवर्णीयांची संख्या गोऱ्यांपेक्षा जास्त झाली. आजच्या अमेरिकेच्या भूमीवर आणल्या गेलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी सुमारे ४० टक्के चार्ल्सटनच्या बंदरातून आले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. भाताच्या जोडीला नीळ आली. १७४०च्या दशकात एलायझा लुकास या तरुणीने तिची लागवड यशस्वी करून दाखवली. स्वातंत्र्ययुद्धानंतर ब्रिटनने निळीसाठी बंगालकडे मोर्चा वळवला आणि कॅरोलायनाची नीळ मागे पडली. तोवर या दोन पिकांनी चार्ल्सटनला ब्रिटिश उत्तर अमेरिकेतले चौथ्या क्रमांकाचे शहर बनवले होते.

मळेवाले मलेरियाच्या दिवसांत आणि सणसमारंभाच्या हंगामात शहरात राहत. त्यांनी बांधलेली घरे हेच आजच्या पर्यटकाचे मुख्य आकर्षण. ‘सिंगल हाउस’ नावाचा इथला खास प्रकार एका खोलीइतकाच रुंद असतो आणि त्याची अरुंद बाजू रस्त्याकडे येते. मध्ये जिना, त्याच्या दोन्ही अंगांना एकेक खोली आणि दक्षिणेला किंवा पश्चिमेला प्रत्येक मजल्यावर लांबलचक व्हरांडा, ज्याला इथे पियाझा म्हणतात. रस्त्यावरचे दार उघडले की माणूस घरात न जाता पियाझावर पोचतो. घराचे खरे दार पुढे मध्यावर असते. खाडीचा वारा खोल्यांतून आरपार खेळावा, ही त्यातली सोय. मागच्या अंगणात स्वयंपाकघर, तबेला आणि गुलामांच्या खोल्या असत. १८२० च्या सुमारास बांधलेल्या एकेन-रेट हाउसमध्ये ही मागची बाजू फारशी डागडुजी न करता जशीच्या तशी राखली आहे.

शहरातील गुलामांना मालक दुसऱ्यांकडे मजुरीवर पाठवत. असे काम करणाऱ्याला नगरपालिकेचा तांब्याचा बिल्ला बाळगावा लागे. त्यावर शहराचे नाव, कामाचा प्रकार, क्रमांक आणि वर्ष ठोकलेले असे : नोकर, हमाल, कारागीर, कोळी, फळविक्या. मालकाने दरवर्षी पैसे भरून तो नवा घ्यायचा. शहराचा भाजी-मासळीचा व्यवहार बहुतांशी कृष्णवर्णीयांच्याच हातात होता आणि श्रीमंतांच्या मेजवान्याही तेच रांधत. नॅट फुलर हा त्यांतला नामांकित बल्लवाचार्य. तो स्वतः गुलाम होता, तरी मालकाच्या संमतीने त्याने धंदा थाटला आणि १८६० मध्ये ‘बॅचलर्स रिट्रीट’ हे उपाहारगृह उघडले. अमेरिकेतील यादवी युद्ध संपताना, १८६५ मध्ये, त्याने गोऱ्या आणि काळ्या पाहुण्यांना एका मेजावर बसवून जेवण दिले. पुढच्याच वर्षी तो वारला.

ते युद्ध चार्ल्सटनमध्येच सुरू झाले होते. १२ एप्रिल १८६१ रोजी देशापासून फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या फौजांनी बंदराच्या तोंडावरील फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली, अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरबाजाराचा उन्माद चढला आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच तो कोसळला. युद्धाने गुलामगिरी संपली. त्या लढ्यात झटलेल्या अमेरिकी लोकांना जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला.

चार्ल्सटनला मात्र दारिद्र्य आले. डिसेंबर १८६१ च्या आगीत शहराचा मोठा पट्टा जळाला होता. १८६३ ते १८६५ या काळात त्यावर तोफगोळे पडत राहिले. ३१ ऑगस्ट १८८६ च्या भूकंपाने उरलेल्या भिंतींना तडे दिले. त्या सावरण्यासाठी घरांतून आरपार लोखंडी सळया घातल्या गेल्या आणि त्यांच्या टोकांच्या चकत्या अनेक दर्शनी भिंतींवर आजही दिसतात. फुकटचे श्रम संपल्यावर भातशेती डबघाईला आली आणि १८९३ व १९११ च्या वादळांनी ती जवळजवळ बुडवली. उत्तरेतील शहरे जुनी घरे पाडून उंच इमारती उभारत असताना चार्ल्सटनच्या जुन्या घराण्यांकडे रंग द्यायलाही पैसे नव्हते. जुने शहर टिकले ते बऱ्याच अंशी या गरिबीमुळे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन गोष्टींनी हा ठेवा धोक्यात आला. मोटारी आल्यावर पेट्रोल पंपांसाठी जुनी घरे पडू लागली आणि दूरच्या शहरांतील संग्रहालये व धनिक इथल्या दिवाणखान्यांचे कोरीव लाकूडकाम उचकटून विकत नेऊ लागले. १९२० मध्ये सुसान प्रिंगल फ्रॉस्ट यांच्या पुढाकाराने जुन्या घरांच्या जतनासाठी संस्था स्थापन झाली. १९३१ मध्ये नगरपालिकेने जुन्या भागासाठी स्वतंत्र नियम केले आणि बाहेरील बदलांना मंजुरी देणारे मंडळ नेमले. ऐतिहासिक विभागाला असे कायद्याचे संरक्षण देणारे हे अमेरिकेतील पहिले शहर. जतनामागे धंद्याचाही हिशेब होता. १९२०च्या दशकात महापौर थॉमस स्टोनी यांनी ‘अमेरिकेतील सर्वांत ऐतिहासिक शहर’ अशी जाहिरात चालवली. मोठी हॉटेले बांधली गेली आणि १९२९ मध्ये कूपर नदीवर पूल झाला.

याच काळात ईस्ट बे स्ट्रीटवरील पडझड झालेल्या व्यापारी घरांची रांग दुरुस्त होऊ लागली. डोरोथी लेग यांनी १९३१ मध्ये तिथले घर घेऊन ते गुलाबी रंगवले, शेजाऱ्यांनी इतर फिके रंग निवडले आणि ‘रेनबो रो’ तयार झाली. जोडपी आज हमखास छायाचित्रे काढतात ती याच ठिकाणी. अशा घरांतून भाड्याने राहणाऱ्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांना मात्र दुरुस्तीबरोबर बाहेर पडावे लागले. पुढे जागांच्या किमती वाढत गेल्या. १९८० च्या सुमारास भूशिरावर बहुसंख्य असलेले कृष्णवर्णीय आता तिथे अल्पसंख्य आहेत.

आजच्या पर्यटनाची घडी जोसेफ रायली यांच्या महापौरपदाच्या काळात, १९७५ ते २०१६ या चाळीस वर्षांत बसली. १९७७ मध्ये स्पोलेटो हा कलामहोत्सव सुरू झाला आणि १९८६ मध्ये शहराच्या मध्यभागी मोठे हॉटेल-संकुल उघडले. १९८९ च्या ह्यूगो वादळानंतर विम्याच्या पैशातून असंख्य छपरे नवी झाली. गर्दी वाढली तशी शिस्तही आली. घोडागाड्यांनी एकाच गल्लीत दाटी करू नये म्हणून कोणत्या गाडीने कोणत्या भागात जायचे हे सोडत काढून ठरते. वाटाड्यांना लेखी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागे. २०१८ मध्ये न्यायालयाने ती अट रद्द केली.

जेवणाची कीर्ती त्यामानाने अलीकडची. इथला मूळ स्वयंपाक गला-गीची लोकांचा, म्हणजे किनाऱ्यावर व बेटांवर राहिलेल्या गुलामांच्या वंशजांचा. चवळी आणि डुकराच्या मांसाबरोबर शिजवलेला ‘हॉपिन जॉन’ हा भात, टोमॅटोतला लाल भात, भेंडीचा रस्सा आणि तिळाच्या पातळ चकत्या हे त्यांचे पदार्थ. मक्याच्या कण्या मऊ शिजवून त्यावर लोण्यात परतलेली कोलंबी घालायची, ही कोळ्यांची न्याहारी. खेकड्याच्या मादीची अंडी घातलेले दाट सूप एके काळचे महापौर रेट यांचे कृष्णवर्णीय बटलर विल्यम डीस यांनी घडवले, असे सांगतात. १९५० मध्ये शहरातील प्रतिष्ठित गोऱ्या स्त्रियांनी ‘चार्ल्सटन रिसीट्स’ हे पाककृतींचे पुस्तक काढले. त्यातल्या बऱ्याच पाककृती त्यांच्या स्वयंपाकिणींच्या हातच्या होत्या. श्रेय बहुधा मालकिणींच्या नावे लागले.

कण्या-कोलंबीला न्याहारीच्या ताटातून उचलून रात्रीच्या महागड्या जेवणात बसवले ते नॉर्थ कॅरोलायनातील चॅपेल हिल येथील आचारी बिल नील यांनी. १९८५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्याची दखल घेतली आणि दक्षिणेतील उपाहारगृहांनी तो पदार्थ उचलला. त्याच दशकात सव्हॅनाचे नेत्रतज्ज्ञ रिचर्ड शुल्झ यांनी बदकांच्या शिकारीसाठी म्हणून आपल्या तळ्याकाठी ‘कॅरोलायना गोल्ड’ हे लुप्तप्राय भाताचे वाण पुन्हा लावले. पुढे ते बियाणे इतर शेतकऱ्यांकडे गेले आणि सोनेरी तुसाचा हा तांदूळ चार्ल्सटनच्या मेजावर परतला. २०१० मध्ये उघडलेल्या ‘हस्क’ या उपाहारगृहाने फक्त दक्षिणेत पिकलेलेच जिन्नस वापरण्याचा नियम केला. पाखडण्याच्या जुन्या टोपल्यांची कलाही टिकली आहे. शेजारच्या माउंट प्लेझंटच्या स्त्रिया सुगंधी गवताच्या वेटोळ्यांच्या टोपल्या विणून सिटी मार्केटमध्ये विकतात. एका मोठ्या टोपलीला कित्येक आठवडे लागतात.

या सगळ्यामागचा गुलामगिरीचा इतिहास बराच काळ पर्यटकांपासून दूर ठेवला गेला. वाटाडे गुलामांना ‘नोकर’ म्हणत आणि मळ्यांवरच्या वाड्यांत फक्त बागा व चांदीची भांडी दाखवत. गुलामांचा लिलाव होत असलेल्या चामर्स स्ट्रीटवरील इमारतीत मात्र १९३८ मध्ये संग्रहालय सुरू झाले होते. १७ जून २०१५ रोजी इमॅन्युएल चर्चमध्ये एका गोऱ्या वंशद्वेष्ट्याने नऊ कृष्णवर्णीय भाविकांना ठार केले आणि हा विषय टाळणे शहराला अशक्य झाले. २०१८ मध्ये नगरपालिकेने गुलामगिरीतील आपल्या सहभागाबद्दल माफी मागितली. २०१९ मध्ये पिंटरेस्टसारख्या संकेतस्थळांनी जुन्या मळ्यांवरच्या लग्नांचा गोडवा गाणारा मजकूर आवरता घेतला. चार्ल्सटनच्या आसपास अशा लग्नांचा मोठा धंदा आहे. २०२३ मध्ये गॅड्सडेन धक्क्याच्या जागेवर आंतरराष्ट्रीय आफ्रिकन अमेरिकन संग्रहालय सुरू झाले. १८०८ मध्ये गुलामांच्या आयातीवर बंदी येण्यापूर्वीच्या अखेरच्या वर्षांत हजारो आफ्रिकी माणसे याच धक्क्यावर उतरवली गेली होती. खांबांवर उचललेली ही इमारत त्या जमिनीवर टेकत नाही. खालची जागा मोकळी ठेवली आहे आणि आफ्रिकी अमेरिकी कुटुंबांना आपल्या पूर्वजांचा शोध घेता यावा म्हणून आत वंशावळींचा स्वतंत्र विभाग आहे.