अज्ञान कलावंताचा मोबदला

न्यायालयीन मराठीत अठरा वर्षांखालील व्यक्तीला 'अज्ञान' म्हणतात. आमच्या मध्यप्रदेशातील कचेऱ्यांत तिलाच 'अवयस्क' म्हणण्याचा प्रघात. शब्द कोणताही असो, अशा मुलाने केलेला करार मुळातच शून्यवत्, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहोरीबीबीच्या खटल्यात घालून दिले. सावकाराने कोवळ्या मुलाची सही घेऊन त्याची मालमत्ता गिळू नये, हा त्यामागचा हेतू.

हेच चिलखत मुलाच्याच अंगात कसे रुतते, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या, १९४९ च्या विधिवृत्तांत प्रसिद्ध झालेल्या एका निकालात दिसते. राजराणी या अज्ञान मुलीला चित्रपटात भूमिका देण्याचा करार निर्माते प्रेम अदीब यांनी तिच्या वडिलांशी केला. पुढे भूमिका दुसरीला मिळाली आणि करार मोडला. राजराणीतर्फे दावा लागला. न्यायालय म्हणाले : करार मुलीशी झाला असे धरावे, तर ती अज्ञान, वडिलांशी झाला असे धरावे, तर अज्ञान मुलीने काम करण्याचे वचन बंधनकारकच नाही, म्हणून कराराला प्रतिफल नाही. दोन्ही दारे बंद. तर्क निर्दोष, मुलगी मात्र रिकाम्या हाताने परतली.

मुले पडद्यावर नवी नव्हती. दादासाहेब फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'मध्ये (१९१९) त्यांचीच कन्या मंदाकिनी कृष्ण झाली होती. तिकडे अमेरिकेत 'द किड'मधील जॅकी कूगनची कमाई आई व सावत्र वडिलांनी उडवली, तेव्हा १९३९ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला. आपल्याकडे १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडी आणि गालिचे यांकडे पाहिले. चित्रपटाकडे त्याचे लक्ष गेले नाही. २०१६ ची दुरुस्ती आणि २०१७ चे नियम आले, तेव्हा चौदा वर्षांखालील कलावंतासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक झाली. दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही, आणि मिळकतीतील किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून. उरलेल्या ८० टक्क्यांबद्दल नियम मौन पाळतात. शिवाय चौदा ते अठरा या वयाचा कलावंत या तरतुदीत येतच नाही; तो अजून राजराणीच्याच जागी उभा आहे.

आमच्या नोकरीच्या काळात गणेशोत्सवात ध्वनिक्षेपकाचे अर्ज आमच्या टेबलावरून जात. रात्री दहानंतर आवाज बंद, ही अट आम्ही न चुकता लिहीत असू. मंचावर आठ-नऊ वर्षांची पोर नाचणार आहे काय, हे विचारणारा रकाना अर्जात नव्हता. आम्हांलाही तो सुचला नाही, हे कबूल केले पाहिजे. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. आता परवानगीसाठी छिंदवाड्याची वाट धरावी लागत नाही. पण अर्ज आला, तरच कायदा जागा होतो.

आणि सौंसरच्या बाजारात दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची मुलगी? नियमांनी पैशांसाठी रस्त्यावर केलेले खेळ कलेच्या व्याख्येतून स्पष्ट वगळले आहेत. तिला परवानगी नाही, म्हणून तिच्या नावाची ठेवही नाही. ढोलकी थांबली की ती थाळी घेऊन आमच्यापुढे येते, आणि आम्ही खिशातले नाणे काढतो.